चोच दिसली म्हणून

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवल्याला २१ दिवस झाले की पाटीतून चिवचिव ऐकू येऊ लागते आणि घरातील एरवी शांत असणारी माणसेही अधीर होतात. चार-पाच पिले बाहेर येऊन आईच्या पंखांतून डोकावू लागतात. एखाद्या अंड्याला सकाळी पडलेला तडा मात्र संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. आत चोच हलताना दिसते, क्षीण आवाजही येतो; पण कवच काही पुढे फुटत नाही. ते नखाने सोलावे की नाही, यावर घरात दोन पक्ष पडतात. जीव गुदमरतो आहे, त्याला मोकळे करा, असे एक पक्ष म्हणतो. ज्याच्यात बळ असेल तो बाहेर येईल, निसर्गाच्या कामात हात घालू नका, असे दुसरा बजावतो. आमच्या मते हे दोन्ही पक्ष अंड्याच्या आत काय चालले आहे ते न पाहताच निकाल देऊन मोकळे होतात.

साधारण १९ व्या किंवा २० व्या दिवशी पिलू आतील पापुद्रा भेदून अंड्याच्या रुंद टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि आयुष्यात प्रथमच फुप्फुसांनी श्वास घेते. तोवर कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून त्याला प्राणवायू मिळत असतो. पोकळीतील हवा अपुरी पडू लागली की मानेमागील बळकट स्नायूच्या जोरावर, चोचीच्या टोकाशी याच कामापुरत्या आलेल्या टणक उंचवट्याने, ते कवचाला छिद्र पाडते. मग ते थांबते. हे थांबणे बारा तासांचे असते, कधी चोवीस तासांचेही. पाहणाऱ्याला वाटते, पिलू थकले. वस्तुतः याच अवधीत फुप्फुसे संपूर्ण काम हाती घेतात, जाळ्यातील रक्त शरीरात परत येते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. हे उरकल्यावरच पिलू आतल्या आत फिरत कवच गोलाकार फोडते आणि टोपण ढकलून बाहेर येते.

हे ध्यानात घेतले म्हणजे उतावळ्या दयेचा परिणाम काय होतो ते सांगावयास नको. पापुद्र्यातील रक्तवाहिन्या भरलेल्या असताना तो सोलला, तर पिलाचेच रक्त वाहते. बलक आत गेलेला नसेल, तर बेंबी उघडी राहते आणि तेथून रोगजंतूंना वाट मिळते. शिवाय तो बलक ही पिलाची शिदोरी असते. तिच्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यावाचून निभावते. एक दिवसाची पिले खोक्यांतून दूरच्या गावी पाठविता येतात ती याच बळावर. आणि कवचाला छिद्र पडले, याचा अर्थच बाहेरची हवा मिळू लागली असा आहे.

तर मग दुसऱ्या पक्षाचेच खरे काय? तसेही नाही. निसर्गाच्या हवाली करा, असे म्हणणाऱ्यांनी ही पाटी कोणी मांडली याचा विचार करावा. कोंबडी आपल्या मर्जीने बसते तेव्हा अंडी पुरेशी साठल्यावरच ती ऊब देऊ लागते, त्यामुळे सर्व गर्भांची वाढ जवळजवळ एकाच वेळी सुरू होते. इतकेच नव्हे, तर अंड्यातील पिले आवाजाने परस्परांना सावध करतात. मार्गारेट विन्स या संशोधिकेने १९६० च्या दशकात लावा पक्ष्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून हे दाखविले. आपण मात्र तिच्याखाली मावतील त्याहून अधिक अंडी कोंबतो, शेजारणीने आणून दिलेली दोन मागाहून सरकवतो, आणि बसल्या जागी दुसरी कोंबडी अंडे घालून जाते तेही तसेच राहू देतो. पहिली पिले भुकेजली की आई त्यांना घेऊन उठते. मागे राहिलेली अंडी गार होतात. ही निसर्गाची निष्ठुरता नव्हे, आपल्या हिशेबातील चूक आहे. तिची किंमत पिलाने भरावी, हा न्याय नव्हे.

म्हणून मदत करावी, पण नियमाने करावी. छिद्र पडून चोवीस तास उलटले आणि काहीच फरक नाही, पापुद्रा वाळून कागदासारखा झाला आहे, किंवा अंड्याच्या निमुळत्या टोकाला चोच आली आहे, अशा वेळीच हात लावावा. आई उठून गेली असेल, तर अंडे आधी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली किंवा अन्य उबेला ठेवावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. न झाल्यास कोमट पाण्याने पापुद्रा ओलसर करावा, पाणी चोचीत जाऊ देऊ नये, आणि छिद्राभोवतीच्या कवचाचा कपचा अगदी थोडा काढावा. रक्ताचा ठिपका दिसताच थांबून अंडे परत उबेला ठेवावे. बाहेर येण्याचे शेवटचे काम पिलावरच सोपवावे. एवढे करूनही काही पिले जगत नाहीत; ते मान्य करावे लागते.

परंतु मदतीची खरी वेळ २१ वा दिवस नव्हे, पहिला दिवस आहे. कोंबडीच्या पंखांखाली नीट झाकतील तेवढीच अंडी ठेवावी. गावठी कोंबडीला दहा-बारा पुरेत. ती एकाच वेळी ठेवून त्यांवर शिसपेन्सिलीने खूण करावी, म्हणजे मागाहून पडलेले अंडे ओळखून काढता येते. सातव्या-आठव्या रात्री विजेरीच्या उजेडात पाहून वांझ अंडी बाजूला करावी. दाणापाणी जवळ असावे. शेवटचे तीन दिवस मात्र कोंबडीला उठवून पाहण्याचा मोह टाळावा. त्या दिवसांत पिलाला ओलसर ऊब हवी असते आणि कौतुकाने केलेल्या प्रत्येक उचलाउचलीत ती उडून जाते. ज्या पापुद्र्याला आपण पुढे दोष देतो, तो पुष्कळदा आपल्याच कुतूहलाने वाळलेला असतो.

खेड्यातील घरात कोंबड्यांची मिळकत बहुधा बाईच्या हातची असते. मुलाची वही, घरातले तेलमीठ त्यातून निघते. तिच्या दृष्टीने चार पिले वाचणे ही भूतदयेची चर्चा नसून महिन्याच्या खर्चाची बाब आहे. शाळेत मुलांना कोंबडीचे २१ दिवस पाठ करून घेताना त्यातील शेवटच्या चोवीस तासांत काय घडते, तेही शिक्षकांनी सांगावे. ती मुले घरी जाऊन आईला म्हणतील, आज रात्र थांबू. उद्या सकाळी पाहू.