अकोल्याहून रामेश्वरम गाठाल, पण पुढची बोट?

ओखा-रामेश्वरम एक्स्प्रेस अकोल्याला थांबते, हे तुम्हाला माहीत असेलच. पण एकेकाळी त्या टोकाला प्रवास संपत नव्हता. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला आणि मद्रासहून गाडीनं धनुष्कोडी, तिथून बोटीनं श्रीलंकेतलं तलाईमन्नार, पुढे परत गाडीनं कोलंबो असा प्रवास एकाच तिकिटावर व्हायला लागला. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळानं धनुष्कोडी उद्ध्वस्त केलं. मग बोट रामेश्वरमहून सुटू लागली. १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवी युद्धात तीही बंद पडली.

आता बोट आहे, पण ती तमिळनाडूतल्याच नागपट्टिनमहून. १४ ऑक्टोबर २०२३ ला ती जाफनाजवळच्या कांकेसंतुराईला निघाली. अंतर साधारण ११० किलोमीटर, वेळ चारेक तास. पण काही दिवसांतच ती थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

असं का होतं? पहिलं कारण हवामान. आपल्याकडे सोयाबीन काढणीला येतं, पाऊस परततो, नेमका तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि समुद्र खवळतो. दुसरं कारण पैसा. २०११ मध्ये तुतिकोरिन-कोलंबो अशी मोठी बोट सुरू झाली होती, ती काही महिन्यांतच बंद पडली. आता तर चेन्नईहून जाफन्याला विमानही जातं.

मग तोट्याची भीती असताना बोट चालवायची कशाला? कारण हिशोब फक्त तिकिटांचा नाही. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीकडे गेलं. २०२२ मध्ये श्रीलंका आर्थिक संकटात सापडली, तेव्हा भारतानं सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. कांकेसंतुराई बंदराच्या दुरुस्तीसाठीही भारत अनुदान देतोय आणि बोटसेवेलाही आर्थिक आधार देतोय. म्हणजे ही बोट प्रवाशांसोबत परराष्ट्र धोरणही वाहून नेते.

पण याच पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूचे मच्छीमार सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पकडले जातात, त्यांच्या होड्या जप्त होतात. तिकडच्या तमिळ मच्छीमारांची तक्रार वेगळीच: इकडचे ट्रॉलर आमची मासळी खरवडून नेतात. पाणी तेच. पासपोर्टवाल्याला शिक्का मिळतो, जाळंवाल्याला तुरुंग. हा तिढा सुटत नाही तोवर उद्घाटनाच्या फोटोंवरून मैत्री मोजू नका.

आणि दुसरी कसोटी वेळापत्रकाची. अकोल्याची ती गाडी आठवड्यातून एकदाच येते, तरी लोक तिच्या भरवशावर महिनाभर आधी बेत आखतात, कारण ती येते. बोटीवर असा भरवसा बसेल, त्या दिवशी दोन देश खरंच जोडले गेले म्हणायचं. तोवर तुम्ही जायचं ठरवलंच, तर पासपोर्ट आणि श्रीलंकेची प्रवास परवानगी तर घ्याच, पण त्याआधी एक विचारा: बोट सध्या चालू आहे ना?