सहलीला फोन एकच पुरे!

सुट्ट्या लागल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं, "या मोबाईलनं सहलीची मजाच घालवली हो!" बोलणारी माणसं बहुतेक माझ्याच वयाची असतात. आणि गंमत म्हणजे एवढं बोलून झालं की तीच माणसं फोन उघडून "पूर्वीच्या सहली किती छान होत्या" असा एखादा संदेश पंचवीस जणांना पाठवून मोकळी होतात!

मला ते वाक्य अर्धंच पटतं. कोणतं अर्धं, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे, आमच्या सहली काही ऋषिमुनींच्या वनवासासारख्या नव्हत्या. तेव्हाही करमणुकीची आणि बातम्यांची साधनं बरोबर असायचीच. कुणाच्या तरी खांद्याला ट्रान्झिस्टर लटकलेला असे. क्रिकेटचा सामना चालू असला तर पुरुषमंडळींचे कान देवळातही त्याच्याकडेच असत. पुढे टेपरेकॉर्डर आला, मग व्हिडिओ कोच आल्या. बाहेर सह्याद्री हिरवागार आणि आत सगळी बस पडद्यावरची मारामारी बघतेय, हे दृश्यही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा "आमचं लक्ष इकडेतिकडे जात नसे" असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका.

फरक होता तो वेगळाच. ट्रान्झिस्टर दहा जणांत एक असे. कॅमेराही एकच, आणि त्यात छत्तीस फोटोंचा रोल. लक्ष गेलं तरी सगळ्यांचं एकाच ठिकाणी जाई. बातमी सगळ्यांनी मिळून ऐकायची, गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि रेडिओचा सेल संपला की गाण्याच्या भेंड्या होत्याच.

याचं एक उदाहरण माझ्या मनावर कोरलेलं आहे. 1984 सालची दिवाळीची सुट्टी. आमच्या शाळेतल्या आम्ही पाच शिक्षिका, नवरेमंडळी आणि पोरंबाळं असा लवाजमा अजिंठ्याला गेलो होतो. (आम्ही पाचजणी आजही एकमेकींना विषयाच्या नावानंच हाक मारतो. गणित, भूगोल, इंग्रजी, चित्रकला आणि मी मराठी!) मुक्काम फर्दापूरला होता. 31 ऑक्टोबरचा दिवस. लेणी बघून आलो तर चहाच्या टपरीवर माणसं गोळा झालेली. दुपारपासून कुजबुज होती, पण खात्रीचं कुणी काही सांगेना. टपरीवाल्याच्या फळीवर एक रेडिओ होता. त्याच्याभोवती आम्ही, दोन ड्रायव्हर, एक गाईड आणि गावातली काही माणसं असे सगळे उभे. संध्याकाळच्या बातम्यांत आकाशवाणीनं इंदिरा गांधी गेल्याचं सांगितलं.

कुणी काही बोलेना. मग एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. भूगोलनं माझा हात घट्ट धरला. टपरीवाला कुणाला न विचारता चहा ओतत राहिला आणि पैसे घेईना. उद्या एसटी सुटेल का, घरी निरोप कसा द्यायचा, याची चर्चा सुरू झाली ती अनोळखी माणसांसकट. त्या रात्री आम्ही मोठी माणसं उशिरापर्यंत जागीच होतो. आमच्यातल्या कुणाला बाई आवडायच्या, कुणाला आणीबाणीचा राग होता. वादही झाला. पण एकत्र झाला, एकमेकांच्या तोंडाकडे बघून झाला.

आज तशीच बातमी आली तर? दहा खिशांत दहा फोन एकदम वाजतील. प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये डोकं घालील. एकाकडे बातमी, दुसऱ्याकडे अफवा, तिसऱ्याकडे त्या अफवेचा व्हिडिओ. हात धरायला शेजारी मैत्रीण असेल, पण तिचे दोन्ही हात गुंतलेले असतील. मला पटणारं अर्धं वाक्य ते हेच. यंत्र आलं म्हणून काही बिघडलं नाही, ते माणशी एक झालं म्हणून बिघडलं.

दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

सहलीत मैत्री कधी होते? स्थळ बघताना फारशी होत नाही. स्थळ बघताना आपण स्थळ बघतो. मैत्री होते ती मधल्या रिकाम्या वेळात. बस पंक्चर झाली, दोन तास झाडाखाली बसा. गाडी लेट आहे, फलाटावर वळकट्यांवर बसा. दशम्या आणि लसणाची चटणी संपली, आता करायला काहीच नाही. अशा वेळी आधी शाळेच्या कुचाळक्या होतात, मग त्या संपतात, मग थोडा वेळ गप्प बसणं होतं, आणि मग कुणीतरी एकदम खरं बोलतं. गणितला घरी होणारा त्रास आम्हाला कळला तो भुसावळच्या फलाटावर. स्टाफरूममध्ये बारा वर्षं शेजारी बसूनही ती त्याबद्दल बोलली नव्हती. त्या रात्री गाडी वेळेवर आली असती तर कदाचित कधीच कळलं नसतं.

तो "थोडा वेळ गप्प बसणं" नावाचा तुकडा आता सहलीतून नाहीसा झाला आहे. गप्पा जरा थांबल्या की हात फोनकडे जातो. कुणी मुद्दाम करत नाही. तोंडी लावायला काहीतरी असावं तसं होतं ते. पण खरं बोलायला माणसाला जी शांतता लागते, ती तेवढ्यानंच मोडते.

अजिंठ्याचंच बघा ना. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उन्हातून आत गेलं की आधी काही दिसतच नाही. आमच्या चित्रकलेनं 1984 साली आम्हा सगळ्यांना, मुलांसकट, आत भिंतीशी उभं करून ठेवलं होतं. म्हणाली, "कुणी हलायचं नाही. डोळ्यांना अंधाराची ओळख होऊ दे." उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधारात नीट दिसू लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मध्येच कुणी झगझगीत उजेड दाखवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून! तिनं ठेवलं तसे उभे राहिलो. आधी पद्मपाणीचा मुकुट दिसला, मग हातातलं नीलकमळ, आणि बऱ्याच वेळानं आजूबाजूची माकडं आणि मोर. मोर पहिल्यांदा माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दिसले होते.

हीच चित्रं उतरवून घ्यायला माणसांनी आयुष्यं घातली. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून कित्येक वर्षं तिथे राहून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांचं काम 1872 ते 1885 चाललं, आणि त्यातल्याही पुष्कळ नकला लंडनलाच 1885 सालच्या आगीत गेल्या! पण मला नेहमी वाटतं, नकला जळाल्या तरी त्या मुलांनी केलेलं बघणं जळालं नसणार. आपलं आता उलट झालं आहे. नकला लाखो, आणि त्या जळायचीही भीती नाही. बघणं तेवढं राहून जातं.

म्हणून 2025 च्या जानेवारीत आम्ही पाचजणी पुन्हा अजिंठ्याला निघालो तेव्हा एक नियम केला. सहलीला फोन एकच. म्हणजे फोन पाचही जणींनी आणायचे, पण चालू ठेवायचा एकीनं. वर्गात मॉनिटर असायचा ना, तसा रोज एक फोन-मॉनिटर. तिचा नंबर पाचही घरी दिलेला. फोटो तीच काढणार, तिकिटं तीच बघणार, कुणाच्या घरून फोन आला तर तीच देणार. बाकीचे फोन बंद करून पिशवीच्या तळाशी. रात्री जेवणानंतर अर्धा तास सगळ्यांनी आपापल्या नातवंडांशी बोलून घ्यायचं.

सहलीला कारण होतं. चित्रकलेच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आहे. तिला कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघावं तेवढंच नेमकं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की वाढत जाणार. ती म्हणाली, एकदा पद्मपाणी बघून घेऊ या.

त्या लेण्यात आम्ही तिला मधे घेऊन उभ्या राहिलो. ती म्हणाली, "कडेचं मी सांगते, चेहरा तुम्ही सांगा." मग आम्ही सांगायला लागलो. मान कुठे कललीय, पापण्या किती मिटल्यात, ओठ कसे आहेत. सांगायचं म्हणून आम्हाला इतकं बारकाईनं बघावं लागलं की चाळीस वर्षांपूर्वीही मी तेवढं बघितलं नव्हतं. भूगोल म्हणाली, "दमलेला वाटतोय गं." चित्रकला हसली. म्हणाली, "दमलेला नाही. तो ऐकतोय."

मागे काही तरुण मुलं होती. एकानं फोन वर धरलेला, पहारेकरी "फ्लॅश बंद, फ्लॅश बंद" म्हणतोय. आमचं बोलणं ऐकून त्यानं फोन खाली घेतला आणि तोही ऐकत उभा राहिला. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं. म्हणून मी म्हणते, मुलांना दोष देऊ नका. बघण्यासारखं काही कुणी दाखवलं तर ती बघतात.

आता आक्षेप येणार, ते मला ठाऊक आहेत! "अहो, या वयात फोन जवळ नको का?" हवाच. आमच्यात एकीला मधुमेह आहे, एकीच्या हृदयाला यंत्र बसवलंय. म्हणून तर एक फोन पूर्ण चार्ज केलेला आणि चालू असतो. पाचही जणींनी दिवसभर व्हिडिओ बघून पाचही फोन संध्याकाळी मेलेले असण्यापेक्षा हे सुरक्षितच. आणि फोटो? त्या सहलीचे एकूण चाळीसच फोटो आहेत, पण त्यातला प्रत्येक पाचही जणींना आठवतो. फोनचे उपकारही मी विसरत नाही. गणित गुडघ्यांमुळे पायऱ्या चढू शकली नाही, खाली बसून होती. तिला वरून दरीचा आणि वाघोरा नदीचा व्हिडिओ दाखवला तो त्या एका फोननंच.

माझं म्हणणं एवढंच आहे, फोन टाकू नका, एक करा. पूर्वीचा ट्रान्झिस्टर होता तसा सगळ्यांच्या मधे ठेवा. आणि बस पंक्चर झाली तर चिडू नका, झाडाखाली बसा. गप्पा संपल्या तर घाबरू नका, गप्प बसा. त्यानंतर जे बोललं जातं त्यासाठीच तर आपण घरून निघालेलो असतो.

माझे भाचे-पुतणे हे वाचतात, त्यांना मुद्दाम सांगते. येत्या सुट्टीत तुमच्या मित्रमंडळींत हा प्रयोग करून बघा, निदान एक दिवस. आणि ब्लॉगकर मंडळी, तुमच्या गटांत असा काही नियम आहे का, आणि तो मोडणाराला शिक्षा काय, तेही जरूर कळवा. आमच्यात मोडणारीनं सगळ्यांना चहा पाजायचा असतो. आतापर्यंत सर्वांत जास्त चहा इंग्रजीनं पाजला आहे!