समतोल गेला खड्ड्यात

सध्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीत 'समतोल' हवा असतो. आहारात समतोल, घर आणि नोकरीत समतोल, आणि आता सेकंडहँड गाडीतसुद्धा! जरा दमदार, चालवायला मजा येईल अशी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की ही पोरं एक्सेलमध्ये तीन रकाने आखतात. ताकद, दिसणं आणि फीचर्स. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि जिची बेरीज जास्त ती गाडी 'समतोल', म्हणजे घेण्यालायक.

मंडळी, मी आयुष्यभर पेपर तपासले. गुणांची बेरीज किती फसवी असते हे मला कुणी शिकवायला नको. गणितात अठरा मिळालेला मुलगा चित्रकलेतल्या 'अ' श्रेणीच्या जोरावर पास होत नाही, होऊही नये. इथे तर गणिताचा पेपरच ठेवलेला नाही! ब्रेक कुठे आहेत? टायर? स्टिअरिंग? आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली त्याचा रकाना कुठे आहे? तीन ऐच्छिक विषय घेऊन पोरगं बोर्डात पहिलं आलंय आणि आपण पेढे वाटतोय.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझा भाचा. (तो हे वाचणार, त्याची आई तर नक्कीच वाचणार. दोघांनीही राग मानू नये.) सात लाख साठवलेत त्याने, स्वतःच्या पगारातून, एक पैसा कर्ज न काढता. त्याच्या यादीत तीन गाड्या आहेत. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, फियाटची अबार्थ पुंटो आणि स्कोडाची लॉरा व्हीआरएस. नावं परदेशी वाटली तरी तिन्ही आपल्याच मातीतल्या बरं का! पोलो चाकणची, पुंटो रांजणगावची आणि लॉरा औरंगाबादजवळच्या शेंद्र्याची (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर). आणि तिन्ही बंद झालेल्या. लॉरा २०१३ मध्ये गेली, पुंटो २०१९ च्या सुमारास, पोलो २०२२ मध्ये. म्हणजे ज्याला ही गाडी हवी त्याने जुनीच घ्यायची, दुसरा मार्ग नाही.

त्याच्या तक्त्यात पोलो पहिली आली. का? तर फीचर्स! टचस्क्रीन आहे, क्रूझ कंट्रोल आहे, पाऊस पडला की वायपर आपोआप चालू होतात. पुंटो शेवटची, कारण आतून 'जुनाट' दिसते.

माझं भांडण आहे ते इथे. गाडीतल्या सगळ्या गोष्टी एका वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. इंजिन वेळच्या वेळी तेलपाणी केलं तर दोन लाख किलोमीटर सहज जातं. पत्र्याची घडण चांगली असेल तर वीस वर्षांनीही मान वळवून बघावीशी वाटते. आणि फीचर्स? ती जन्मतःच म्हातारी. आठ वर्षांपूर्वीची टचस्क्रीन लावून बघा. बोट एकीकडे, उघडतं भलतंच. आतला नकाशा त्या काळातला, त्यात निम्मे उड्डाणपूल नाहीत. उन्हात उभी राहून काच फुगलेली. बिघडली तर सुटा भाग मिळत नाही, कारण तो त्याच गाडीपुरता बनवलेला होता. आणि ती जे करते ते सगळं, जास्त चांगलं, तुमच्या खिशातला फोन करतो. तीनशे रुपयांचा फोन-होल्डर डॅशबोर्डवर लावा, संपलं. नव्या गाडीत फीचर्सना थोडेफार गुण देणाऱ्याला मी एकवेळ समजून घेईन. जुन्या गाडीत त्यांना गुण द्यायचे म्हणजे दुसऱ्याचा जुना मोबाइल हौसेने विकत घेण्यासारखं आहे.

(एबीएस, एअरबॅग आणि घसरताना गाडी सावरणारी ईएसपी यांना मी फीचर्समध्ये धरत नाही. ते जिवाचं सामान आहे. विक्रेते मात्र एअरबॅग आणि सनरूफ एकाच यादीत, एकाच अक्षरात छापतात, याची मला मनापासून चीड येते.)

आता ताकद. इथे घरातली वडीलधारी मंडळी माझ्यावर तुटून पडणार. "दादा, तू तरी त्याला समजाव, कशाला हवी एवढी पॉवर?" हे बहिणीचं वाक्य. आमच्या पिढीने प्रीमियर पद्मिनीच्या चाळीस हॉर्सपॉवरमध्ये संसार केले हे खरं. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात बॉनेट उघडून रेडिएटर निवायची वाट बघत बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिलीत त्यांना मी काय सांगतो ते कळेल. त्यात काही थोर नव्हतं. ओव्हरटेक करताना समोरून एसटी येताना दिसते आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असूनही गाडी सरकत नाही, तेव्हा कमी ताकद ही सुरक्षितता नसते. तेव्हा ताकदीची हौस मला मान्य आहे. हौस म्हणूनही मान्य आहे! पोरगं दारू पीत नाही, सट्टा खेळत नाही, त्याला चांगलं इंजिन ऐकायला आवडतं. असू दे की.

पण ताकदीचा आकडा तेवढा वाचून गुण देणं हा बावळटपणा. तक्त्यात पोलो १०५, पुंटो १४५, लॉरा १६०. म्हणजे लॉरा पहिली? लॉरा या तिघींत सगळ्यात अवजड. ताकद भागिले वजन करून बघा, लॉरा आणि पुंटोतला फरक जवळजवळ पुसला जातो. पुंटो शून्यापासून शंभरला ८.८ सेकंदांत जाते असा कंपनीचा दावा होता, आणि २०१५ मध्ये ती दहा लाखांच्या आत मिळत होती.

आणि ताकदीच्या मागोमाग ब्रेक आलेच पाहिजेत. शाळेतलं विज्ञान आठवा. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ऐंशीवरून थांबताना ब्रेकना चाळीसच्या चौपट काम करावं लागतं. हे मी भाषेचा शिक्षक असून सांगतोय आणि इंजिनियर झालेला भाचा तक्त्यात ब्रेकचा रकाना ठेवत नाही! पुंटोच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. पोलोला मागे ड्रम. ड्रम म्हणजे पाप नव्हे, एबीएस आणि ईएसपी तिला आहेत. पण कोणती गाडी मुळापासून वेगासाठी विचार करून बांधलीय ते अशा गोष्टींतून कळतं. टचस्क्रीनमधून नाही.

पोलोबद्दल आणखी एक. तिचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स चालतो तेव्हा लोण्यासारखा, गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. पण त्याचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना ते तापतात. २०१३ मध्ये कंपनीने या गिअरबॉक्सच्या गाड्या जगभरातून परत बोलावून त्यातलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरलं होतं. आणि त्याचा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग गेला की खर्च हजारांत मोजत नाहीत, लाखांत मोजतात. सात लाखांत बसवलेला 'समतोल' तिथेच कलंडतो. तशी पोलो घ्यायचीच असेल तर २०२० नंतरची घ्यावी. तिच्यात एक लिटरचं इंजिन आणि साधा टॉर्क कन्व्हर्टर आला. अर्थात ती महाग पडेल.

लॉराचा प्रश्न वेगळा. ती आली २०११ मध्ये. आपल्याकडे खाजगी गाडीच्या आरसीची मुदत पंधरा वर्षं, म्हणजे २०११ च्या गाडीची २०२६ मध्ये संपते. त्यापुढे फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर. ज्याला हे सगळं प्रेमाने करायचंय त्याने जरूर घ्यावी, सहा गिअरची ती गाडी हायवेवर काय सुरेख पळते! पण पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्याने नाही.

दिसण्याबद्दल मात्र मी पोरांच्या बाजूने आहे. "रूप काय चाटायचंय?" हे वाक्य आमच्या घरात लग्नापासून फ्रिजपर्यंत सगळीकडे वापरून झालंय. गाडी रोज सकाळी आपल्याला दिसणार असते, ती बघून बरं वाटलं पाहिजे. पण रूप म्हणजे कंपनीने दिलेलं रूप. आधीच्या मालकाने चिकटवलेलं नव्हे! काळी फिल्म, मागे पंखा, सतरा-अठरा इंची अलॉय. मोठ्या अलॉयला टायरची कड पातळ लागते, आणि आपल्या रस्त्यावरचा एक खड्डा टायर आणि रिम दोन्ही एकदम घेऊन जातो. पुंटो तर मुळातच बुटकी, जमिनीपासून १५५ मिलिमीटर. सोसायटीतले गतिरोधक भाच्याने आधी मोजून यावेत.

अशा गाड्यांचे पहिले मालक बहुतेक हौशी असतात, आणि हौस म्हणजे नुसता रंग नाही. ईसीयू रिमॅप करून ताकद वाढवतात, सायलेन्सर बदलतात, आणि विकायच्या आधी सगळं मूळ करून देतात. इंजिनाने सोसलेलं मात्र मूळ होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत असे फेरफार करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर तुमची 'वीस हॉर्सपॉवर जास्त' कोर्टात धावणार नाही.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. वर्गात शेवटच्या बाकावर असायचा, आता मी त्याच्यासमोर स्टुलावर बसतो. तो म्हणतो, सर, गाडी थंड असताना बघायला जायचं, आणि विकणाऱ्याला आधीच बजावायचं की चालू करून ठेवू नकोस. टर्बो दमलेला असेल तर सुरू करताना मागून निळसर धूर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली, पॉलिश कितीही चकचकीत असो. टायरवर कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर मेलेलं. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागायची. तोंडी सांगितलेलं ऐकायचं नाही, कारण तो तुटला तर वाल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. सर्व्हिसच्या पावत्या सलग असतील तर मीटरवरचा आकडा खोटा पाडता येत नाही. हे त्याचं ज्ञान, माझं नाही. पण भाच्याच्या तक्त्यापेक्षा याच्या तोंडून निघालेल्या दहा वाक्यांना मी जास्त गुण देईन.

आता नातेवाइकांचा शेवटचा हुकमी पत्ता. "त्यापेक्षा नवी छोटी एसयूव्ही घे, सनरूफही मिळतो!" कशाला? त्यातून डोकं बाहेर काढून उभी राहिलेली लहान मुलं हायवेवर बघितली की माझ्या छातीत धस्स होतं. नवी गाडी जरूर घ्यावी, पण ज्याला वॉरंटीची शांतता हवी त्याने. ज्याला चालवण्यातला आनंद हवाय त्याला सनरूफ दाखवणं म्हणजे गाणं ऐकायला आलेल्याला कार्यक्रमपत्रिका हातात देणं.

तर भाच्या, तो तक्ता पुसून टाक. सात लाखांतले पाच-साडेपाच गाडीला. उरलेले चार टायर, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, सगळी तेलं आणि पहिल्या वर्षातल्या दुखण्यांसाठी बँकेत. पुंटो बघ. फियाटचं दुकान इथून उठलंय, त्यामुळे सुटे भाग कुठून आणायचे हे गाडी घ्यायच्या आधी माझ्या विद्यार्थ्याला विचार. हेच टर्बो इंजिन थोड्या कमी ताकदीत लिनिया टी-जेटमध्येही होतं, तेव्हा ते अगदीच अनोळखी नाही. इतर राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवरून उतरलंय का ते बघ. आणि बहिणीला सांगतो, मायलेज कमीच मिळेल. ते आम्ही दोघांनी धरून चाललो आहोत.