हाक पोचेल का, हे आधी पाहा



पावसाळा तोंडावर आला की आपण कौले शाकारतो, चर साफ करतो, वैरण कोरड्या जागी हलवतो. यंदा या कामांत आणखी एक धरा. अडीअडचणीला आपल्या गावातून मारलेली हाक बाहेर पोचते का, हे तपासून ठेवा. याला पैसा लागत नाही.

३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे दगावली. याची खबर बाहेर नेली ती एस.टी.च्या ड्रायव्हरने. तो नेहमीच्या फेरीला आला, तर समोर गावच दिसेना! अशा वेळी हाक वेळेवर पोचणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली घरोघरी मोबाईल आहे, पोलिसांकडे वायरलेस आहे, मग हाक अडते कुठे? अडण्याची कारणे मुख्यतः दोन. एक सावली, दुसरे गोंगाट.

आधी सावलीचे पाहू. आकाशवाणीच्या मध्यम लहरी लांब असतात. त्या जमिनीला धरून दूरवर जातात, म्हणून दरीतल्या वाडीतही रेडिओ बोलतो. पोलिसांच्या वायरलेसच्या आणि मोबाईलच्या लहरी मात्र आखूड. त्या कंदिलाच्या उजेडासारख्या बहुतेक सरळ जातात. मध्ये टेकडी आली की पलीकडे सावली पडते. म्हणून मनोरे उंचावर बांधतात. पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे तो याचसाठी. वायरलेससाठीही डोंगरमाथ्यावर 'रिपीटर' नावाचे यंत्र ठेवतात. ते एका बाजूची क्षीण हाक ऐकते आणि जोर लावून दुसऱ्या बाजूला सांगते.

यात आणखी एक गोम आहे. देवळावरच्या कर्ण्याचा आवाज शिवारात स्पष्ट येतो, पण शिवारातून तुम्ही दिलेली ओ देवळापर्यंत पोचत नाही. मनोऱ्याचा जोर मोठा, हातातल्या यंत्राचा थोडा. म्हणून फोनवर रेघा दिसतात आणि तरी कॉल लागत नाही, असे होऊ शकते. रेघा मोजून समाधान मानू नका, बोलून पाहा.

आता गोंगाट. याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. तिथे १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत मोबाईलचे मनोरे वाढले आणि पोलीस व अग्निशमन दलाच्या तक्रारी सुरू झाल्या. वायरलेस गावभर चालायचा, पण एखाद्या मोबाईल मनोऱ्याच्या जवळ गेला की मुका! शिपाई मदत मागतो आहे आणि ठाण्याला ऐकू येत नाही, किंवा ठाणे सांगते आहे आणि शिपायाला कळत नाही. कारण असे की, ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोलिसांच्या आणि नेक्स्टेल नावाच्या मोबाईल कंपनीच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक सरी याची, एक सरी त्याची. पोलिसांचा स्वतःचा मनोरा दूर, मोबाईलचा मात्र हाकेच्या अंतरावर. बँडच्या शेजारी उभे राहिल्यावर लांबून बोलावणाऱ्याचा आवाज ऐकू येईल का?

यात कंपनीने चोरी केली नव्हती. तिच्याकडे परवाना होता. पण आपण आपल्याच शेतात टू-फोर-डी फवारतो आणि वाऱ्याने शेजाऱ्याची कपाशी आकसते, तसे हे झाले. हद्द न ओलांडताही नुकसान होते.

उपाय काय केला? जमिनीच्या एकत्रीकरणासारखाच. २००४ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने ठरवले की पोलिसांच्या सऱ्या एका अंगाला आणि कंपनीच्या दुसऱ्या अंगाला करायच्या. पोलिसांची यंत्रे बदलण्याचा खर्च कंपनीने द्यायचा आणि त्याच्या बदल्यात तिला दुसरीकडे लहरींचा पट्टा मिळायचा. मुदत घातली तीन वर्षांची. काम २००५ मध्ये सुरू झाले आणि पुरे झाल्याचे जाहीर व्हायला २०२१ उजाडले. गुंता आधीच टाळला असता तर एवढा खटाटोप पडला नसता.

एवढ्या दूरची गोष्ट सांगितली, कारण तोच गोंगाट आपल्या गावातही होतो. काही जण घरात रेंज येत नाही म्हणून बाजारातून 'बूस्टर' आणून छपरावर बसवतात. असे यंत्र नीट बसले नाही तर ते मनोऱ्याच्या कानाशी सारखे ओरडत राहते. मग मनोऱ्याला इतरांची हाक ऐकू येत नाही. तुमच्या घरी रेंज आली, पण चार घरे पलीकडे बाळंतिणीसाठी गाडी बोलावणाऱ्याचा फोन लागला नाही, असे होईल. शिवाय परवान्याशिवाय बूस्टर बसवणे हा कायद्याने गुन्हा आहे. कोणी बसवला असेल तर त्याला समजावून काढायला लावा आणि रेंजची तक्रार ग्रामपंचायतीच्या ठरावासह कंपनीकडे लेखी करा.

गोंगाट ओळखायला घरातला रेडिओही उपयोगी पडतो. झटका मशीनच्या तारेला गवत लागले किंवा इन्सुलेटर तडकला की रेडिओत टक्-टक् येते. गवत काढा; जनावरांसाठी झटकाही पुन्हा नीट बसेल. विजेच्या खांबाजवळ रेडिओ सारखा खरखरत असेल तर वर कुठेतरी ठिणगी उडत असेल. स्वतः खांबावर चढू नका, वायरमनला सांगा.

आता करायचे काम. मृग निघायच्या आत एका रविवारी शाळेतली दोन-चार मुले बरोबर घ्या आणि गावभर फिरा. शाळा, देऊळ, प्रत्येक वाडी, ओढ्याचा काठ, डोंगराखालची वस्ती, अशा प्रत्येक ठिकाणी घरच्याच एखाद्या नंबरवर फोन लावून पाहा. तपासणीसाठी ११२ लावू नका. तो खऱ्या संकटासाठी मोकळा राहू द्या. जिथे बोलणे होते आणि जिथे होत नाही, ते कागदावर मांडा आणि तो कागद ग्रामपंचायतीत भिंतीला लावा.

आणखी चार गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवा.

१) संकटात ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागू शकतो.

२) फोन लागत नसेल तर घराबाहेर, मोकळ्यावर, शक्य तर उंचावर जा; मात्र विजा चमकत असताना नको.

३) बोलणे होत नसेल तर ओळखीच्या माणसाला लेखी संदेश पाठवा. क्षीण रेंजमध्येही तो कधी कधी निघून जातो.

४) आधी गाव, तालुका आणि जागा सांगा, मग काय झाले ते. मध्येच फोन तुटला तरी कुठे यायचे हे कळलेले असेल.

जिथे हाक पोचत नाही अशी वस्ती सापडली, तर पावसाच्या रात्री तिथे कोणी जायचे आणि निरोप कुठून द्यायचा, हे दोन तरुणांवर आजच सोपवा. मग खुशाल पेरणीला लागा.