जंगलाचे दप्तर समुद्राच्या तळाशी

१/ चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास सहसा गोंड राजांपासून, फार तर वाकाटकांपासून सांगितला जातो. त्यापूर्वी काय होते, असे विचारल्यास उत्तर ठरलेले असते: जंगल. जणू जंगलाला काळाचा स्पर्शच नाही! हा समज खोडून काढणारे दप्तर बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे.

२/ वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीस प्राणहिता हे नाव मिळते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीत विलीन होते. पुढे इंद्रावतीही येऊन मिळते. दर पावसाळ्यात या नद्या माती आणि कुजलेली पाने समुद्राकडे नेतात. तेथे गाळाचे थर एकावर एक साचतात: जुना खाली, नवा वर.

३/ २००६ साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमात गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून अधिक खोल समुद्रात, तळाला छिद्र पाडून गाळाचे लांब दंडगोल वर काढण्यात आले. शोध इंधनाचा होता. हाती इतिहासही लागला. त्यांपैकी एका दंडगोलात सुमारे ११ हजार वर्षांची नोंद सापडली.

४/ ही नोंद वाचतात कशी? गाळातील सूक्ष्म शिंपल्यांच्या किरणोत्सारी कार्बनवरून थराचे वय ठरते. पानांवरील मेण हजारो वर्षे टिकते. वृक्ष आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते कार्बनची समस्थानिके वेगवेगळ्या प्रमाणात साठवतात. म्हणून मेणावरून कळते, की त्या काळी झाडी अधिक होती की गवताळ माळ.

५/ आता आकाशाकडे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. यास परांचन म्हणतात. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असे. आज ती जानेवारीच्या आरंभी असते. तेव्हा उन्हाळी ऊन प्रखर होते, जमीन अधिक तापे, मोसमी वारेही जोरकस असत. पुढे हा जोर हळूहळू ओसरला.

६/ कक्षा आणि हवामान यांचा हा संबंध मिलांकोविच यांनी गणिताने मांडला होता. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातील गाळात सुमारे २३ हजार, ४२ हजार आणि १ लाख वर्षांची आवर्तने दाखवली. गणिताला गाळाने साक्ष दिली.

७/ गोदावरीचा गाळ सांगतो, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या. सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत हा बदल चालू राहिला आणि पुढेही टिकला. चकित करणारी गोष्ट अशी, की पाऊस घटत असताना गाळ मात्र वाढला! त्यात दख्खनच्या काळ्या खडकावरील मातीचा वाटा वाढलेला दिसतो. विरळ झालेले वनाच्छादन आणि पसरती शेती, असे त्याचे कारण संशोधक देतात.

८/ येथे साधनचिकित्सा हवी. हा गाळ त्र्यंबकेश्वरापासून बस्तरपर्यंतच्या साऱ्या खोऱ्याची सरमिसळ आहे. त्यावरून आलापल्लीच्या एखाद्या रानाचा निकाल देणे म्हणजे दिल्लीच्या अखबारावरून गावचा तंटा सोडवणे. जंगल बदलत आले, इतके निश्चित. कोठे आणि कोणामुळे, हे स्थानिक साधनेच सांगतील.

९/ ती साधने दोन्ही जिल्ह्यांत आहेत: माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यांच्या गाळात गेल्या काही शतकांतील पाने, परागकण आणि वणव्यांचा कोळसा असू शकतो. गाळ काढून तो शेतात टाकणे योग्यच. तलाव जगले पाहिजेत. परंतु यंत्र उतरण्यापूर्वी प्रत्येक जुन्या तलावातून निदान एक नळीभर गाळ, थर न मोडता, जपला पाहिजे. उन्हाळ्यात तळ भेगाळला की थर विस्कटतात. म्हणून न आटणारे तलाव आधी घ्यावेत.

१०/ जंगल अनादि आणि अस्पर्श मानले, की त्यात पिढ्यानपिढ्या राहणारी माणसे उपरी ठरतात. जंगलाला इतिहास आहे असे मानले, तर त्या इतिहासात त्यांनाही जागा मिळते. मोडीतील एखादा रुमाल जळाला तर इतिहासाचा विद्यार्थी हळहळतो. तलावाचा गाळ न वाचता उपसला गेला, तरीही त्याने तितकेच हळहळावे.