खांद्याला ओझे नको, हालचाल हवी

ऊसतोडीच्या मोळ्या, बांधकामावरची घमेली, पाण्याचे हंडे. पाथर्डी-शेवगावपासून नगरच्या वस्त्यांपर्यंत आपल्या माणसांचे खांदे ओझ्याने झिजले. मग ‘हात उचलला तर शीर तुटेल’ ही भीती बसते आणि वेणीसुद्धा लेक घालून देते. पण न हलवलेला खांदा आखडतो, आखडला की जास्त दुखतो.

बुद्धांनी सल्ल सुत्तात दोन बाण सांगितले: एक शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या. भीती हा दुसरा बाण. तो आपल्याला काढता येतो.

पडून मार लागला, हात बधिर झाला, ताकद गेली तर आधी डॉक्टरांना दाखवा. शुगरही तपासा, मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त. एरवी रोज भिंतीवर बोटे चढवत हात सोसेल तेवढा वर न्या. आम्ही एवढेच म्हणतो: थोडे दुखणे म्हणजे इजा नव्हे.