स्टेरॉइडनंतर जांघेत दुखतंय? नॉर्मल एक्स-रेवर थांबू नका

स्टेरॉइडमुळे जीव वाचतो, पण काहींना त्यातून एव्हीएन हा आजार होतो. खुब्याच्या हाडाला रक्त मिळेनासं होतं आणि हाड मरू लागतं.

मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. संजय अगरवाला यांच्या टीमने २०२१ मध्ये असे ३ रुग्ण 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये मांडले. तिघेही चाळिशीच्या आतले, कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेले. एरवी सहा महिने ते वर्षभराने होणारा त्रास इथे सरासरी ५८ दिवसांत सुरू झाला. तिघांनाही बिस्फॉस्फोनेट औषधं दिली गेली.

मग औषधाने खुबा वाचतो? तैवानमधल्या २००५ च्या चाचणीत फायदा दिसला, २०१२ च्या चाचणीत दिसला नाही. म्हणजे उत्तर अजून पक्कं नाही.

पक्कं हे, की हाड खचलं की बहुतेकदा सांधाच बदलावा लागतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र बिघाड दिसतो. त्यामुळे पनवेल स्टेशनचा जिना चढताना जांघेत कळ येत असेल आणि पूर्वी स्टेरॉइड घेतलं असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. सुरू असलेलं स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका.